सावळ्याचा अर्धा चिंचोका

भिवंडीत गप्प राहणं ही साधी गोष्ट नाही. लूमच्या खडखडाटात शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि एकदा ओरडायची सवय लागली की ती घरी, बाजारात, लग्नात, सगळीकडे बरोबर येते. अशा या शहरात टेमघरच्या एका पेट्रोल पंपावर एक माणूस रोज सकाळी दहा मिनिटं तोंडातून चकार शब्द काढत नसे. कुणी हॉर्न वाजवो, कुणी "चाचा, दो सौ का डालो" म्हणून हाका मारो, नाहीतर खुद्द मालक येऊन उभा राहो. दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं.

त्या माणसाचं नाव सावळ्या. मूळचा दिघाशीच्या पाड्यावरचा, वय पंचावन्नच्या घरात. नक्की किती ते त्यालाही ठाऊक नाही, कारण जन्मतारीख शाळेच्या मास्तरांनी अंदाजानं घातलेली, आणि ते मास्तर अंदाजाच्या बाबतीत जरा सढळ होते. तिसावं वर्ष चाललं होतं त्याचं पंपावर. आधी गाड्यांच्या काचा पुसल्या, मग पेट्रोल भरायला उभा राहिला, आणि मग एके दिवशी थोरल्या शेठनी त्याच्या हातात पितळी काठी दिली.

आता ही काठी काय, ते सांगायला हवं. पेट्रोल आणि डिझेलच्या टाक्या जमिनीखाली असतात. आत किती माल आहे हे वरून दिसत नाही. झाकण उघडून काठी सरळ तळापर्यंत सोडायची, वर काढायची, ओल कुठवर आली ते वाचायचं. काठीवर सेंटिमीटरच्या खुणा असतात, भिंतीवर तक्ता असतो, इतके सेंटिमीटर म्हणजे इतके लिटर. काम एवढंच. पण काठी जरा तिरपी गेली की आकडा खोटा, आणि रेंगाळलात की पेट्रोलची ओल उडून जाते. थोरले शेठ म्हणायचे, "सावळ्याचा हात मापाचा आहे." माणसाला आयुष्यात एखादं वाक्य पुरतं. सावळ्याला हे पुरलं होतं.

थोरले शेठ गेले, पंप त्यांच्या मुलाकडे आला. अवधूत त्याचं नाव. शिकलेला, शांत, शर्ट नेहमी पांढरा. तो सावळ्याला 'काका' म्हणे, आणि काठी काकांकडेच राहिली. अवधूतची आई सुमतीबाई शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. दुपारी लेकाचा डबा घेऊन पंपावर यायच्या आणि ऑफिसात तासभर टेकायच्या. निवृत्त शिक्षकाला समोर कुणी विद्यार्थी नसला की करमत नाही. बाईंना सावळ्या मिळाला.

झालं असं, की एकदा सावळ्यानंच विचारलं, "बाई, यो तेल आपल्या जमिनीत का न्हाय निघत? आपली जमीन काय वाईट हाय?"

दुसऱ्या दिवशी बाई डब्याबरोबर पिशवीभर चिंचोके घेऊन आल्या. ऑफिसच्या फरशीवर खडूनं जगाचा नकाशा काढला, बरा निघाला, आणि सावळ्यापुढे शंभर चिंचोके मोजून ठेवले.

"जगातल्या सगळ्या जमिनीखालचं तेल म्हणजे हे शंभर," बाई म्हणाल्या. "तू वाटून दाखव बघू."

सावळ्यानं पंगतीत वाढावं तसे सगळ्या देशांना सारखे वाढले. भारताला जरा जास्त घातले. घरचा माणूस म्हणून. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चिंचोके गोळा केले आणि स्वतः मांडायला घेतले. सतरा गेले पार तिकडे, दक्षिण अमेरिकेच्या डोक्यावर, व्हेनेझुएलात. सोळाच्या आसपास सौदीत, बारा इराणात, नऊ-दहा कॅनडात, आठ-नऊ इराकात. मग अमिरात, कुवेत, रशिया यांना सहा-सहा. अमेरिकेला चारेक. उरलेले इकडेतिकडे शिंपडले. शेवटी भारताची पाळी आली आणि बाईंच्या हातात एकच चिंचोका उरला.

"एवढाच?" सावळ्या म्हणाला.

"एवढासुद्धा नाही. फोड हा."

सावळ्यानं बाहेर जाऊन दगडावर चिंचोका फोडला. त्यातलं अर्धं बाईंनी नकाशावर ठेवलं आणि म्हणाल्या, "खरं तर याहूनही कमी. पण अर्धं धर."

सावळ्याला वाईट वाटलं. पण बाईंचा तास संपला नव्हता. त्या म्हणाल्या, "ही झाली कणगी. कणगीत आहे म्हणून कुणी रोज तेवढंच काढतो असं नाही. आता कोण किती काढतो ते बघ." पुन्हा शंभर. या वेळी अमेरिकेनं एकटीनं वीस उचलले. सौदी आणि रशियानं अकरा-बारा. आणि तो सतराचा धनी, व्हेनेझुएला, त्याच्यापुढे बाईंनी एक चिंचोका ठेवला.

"भरली कणगी आणि एकच?" सावळ्याला राहवेना. "आळशी हाय का?"

"आळशी नाही रे. त्याचं तेल काकवीसारखं घट्ट. काढायला यंत्रं लागतात, पैसा लागतो, आणि वर घरची भांडणं, बाहेरची भांडणं."

भांडणाचं सावळ्याला लगेच पटलं. पाड्यावर एका बांधाच्या वादात दोन एकर तीन वर्षं पडीक राहिलेली त्यानं पाहिली होती.

"आणि आता चूल," बाई म्हणाल्या. "कोण किती जाळतो." अमेरिका पुन्हा वीसच्या जवळ. चीन सोळा. आणि भारतापुढे बाईंनी एक, दोन, तीन, चार, पाच चिंचोके ठेवले. अमेरिका, चीन, आणि मग आपणच.

सावळ्यानं उकिडवं बसून बोटांवर हिशोब केला. कणगीत अर्धा. काढतो तो एकसुद्धा नाही. चुलीत मात्र पाच. भूगोल त्याला येत नव्हता, पण उसनंपासनं कळत होतं.

"म्हंजे बाई, चाराच्या वर दाणं दुसऱ्याच्या शेतातलं."

"हो."

"त्या लोकांनी आपल्याला कदी बघलं पन न्हाय."

"नाही," बाई म्हणाल्या. "तरी येतं."

सावळ्याला त्या क्षणी लहानपणचं घर आठवलं. रेशनचं रॉकेल, बाटलीचा दिवा, आणि "वात बारीक कर" म्हणणारी आई. ते रॉकेल कुठून येतं असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. रेशनच्या दुकानातून येतं, संपला विषय. कुठल्यातरी वाळूतल्या माणसाच्या कणगीतलं आपण जाळलं आणि त्याला साधं 'बरं हो' सुद्धा म्हटलं नाही, हे त्याला फार लागलं. फोडलेला अर्धा चिंचोका त्यानं बाईंना विचारून खिशात टाकला.

दुसऱ्या दिवसापासून सावळ्या काठी सोडताना मुका झाला.

दिघाशीच्या पाड्यावर खळ्यात भाताची रास मोजायची एक रीत आहे. मोजणारा आधी राशीला हात लावून कपाळाला लावतो. पहिल्या पायलीला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. त्यानंतर रास संपेपर्यंत तोंड मिटायचं. शेजारी बसलेला खडे मांडून हिशोब ठेवतो. मध्ये कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. पाड्यावर हे काम सावळ्याच्या आत्याकडे, गोदूबाईकडे. खळ्यात साप निघाला तरी ती बोलली नव्हती, असं सांगतात. साप कंटाळून गेला. सावळ्याला वाटलं, दुसऱ्याच्या शेतातलं आपल्या टाकीत येतं, तर त्याला राशीचा मान नको? मग तो टाकीच्या झाकणाला हात लावून कपाळाला लावी, ओठातल्या ओठात 'लाभ' म्हणे, आणि आकडा वहीत उतरेपर्यंत गप्प. दोनदा काठी सोडायची, दोन्ही आकडे जुळले की लिहायचं. वर्ष गेलं, दीड वर्ष गेलं. सगळ्यांना सवय झाली. अवधूत नव्या पोरांना सांगे, "काका माप घेतायत, थांबा."

पण हे टँकरवाल्यांना कोण सांगणार?

मार्गशीर्षातली सकाळ होती. डिझेलचा टँकर आला. नेहमीचा ड्रायव्हर रजेवर, त्याच्या जागी काळूराम नावाचा माणूस पहिल्यांदाच या पंपावर आलेला. सावळ्यानं कागद पाहिले, सील पाहिलं, आणि माल उतरवण्याआधीचं माप घ्यायला डिझेलच्या टाकीशी गेला. 'लाभ' म्हटलं आणि काठी सोडली. तिकडे दहा पावलांवर टाक्या भरायची दोन तोंडं शेजारी शेजारी. त्यांच्यावरचा रंग पावसात कधीच धुऊन गेला होता. काळूरामनं नळी एका तोंडाशी आणली आणि विचारलं, "काका, डिझेलचं हेच ना?"

सावळ्याची नजर काठीवर.

"काका, हेच ना?"

सावळ्यानं मान वर केली. नळी पेट्रोलच्या तोंडाशी होती. त्याला दिसलं. स्पष्ट दिसलं. पण पहिला आकडा नुकताच वाचला होता आणि दुसरं माप बाकी होतं. त्याला वाटलं, नळी जोडायला वेळ लागतो, एवढं एक माप झालं की सांगू. त्यानं मान खाली घातली. काळूरामला वाटलं, काकांनी होकार दिला. नव्या माणसाला होकार लवकर दिसतो.

दुसऱ्यांदा काठी वर आली तोपर्यंत डिझेल पेट्रोलच्या टाकीत धो धो उतरत होतं.

सावळ्या असा ओरडला की पलीकडच्या चहावाल्यानं किटली टाकली. काळूरामनं कॉक बंद केला. पण जायचं ते गेलं होतं. टाकीतलं सगळं पेट्रोल बिघडलं. पंपावर दोरी बांधली, पाटी लावली, आणि रिकाम्या गाड्या ढकलत माणसं शिव्या देत पुढच्या पंपाकडे निघाली. सावळ्या काठी धरून तसाच उभा. जे चार दाणे परक्याच्या शेतातून आले, त्यांत त्यानं आपल्या हातानं माती कालवली होती.

दुपारी कंपनीचे साहेब आले. त्यांनी नळी पाहिली, तोंडं पाहिली, आणि काळूरामला समोर उभं केलं. चूक उघड दिसत होती: ड्रायव्हरनं न विचारता नळी जोडली. काळूराम म्हणत होता, "विचारलं साहेब, दोनदा विचारलं," पण साक्षीदार कुणी नव्हता, आणि त्याच्या आवाजावरूनच कळत होतं की आपलं कुणी ऐकणार नाही हे त्याला माहीत आहे. साहेबांनी पेन काढलं. सावळ्या नुसता गप्प राहिला असता तरी निभावून गेलं असतं. दीड वर्षं गप्प राहायचा सराव होताच.

"साहेब, त्यानं इचारला," सावळ्या म्हणाला. "दोनदा इचारला. मी आयकला. नली चुकीची हाय ता बघला पन. मी बोललो न्हाय."

"का नाही बोललात?"

"माप घेत हुतो. मोजताना बोलत न्हाय आमी."

साहेबांनी अवधूतकडे पाहिलं, अवधूतनं जमिनीकडे. मग तोही म्हणाला, "तोंडांवरचा रंग गेला होता. तो मी लावून घ्यायला हवा होता." साहेबांनी सगळं लिहून घेतलं. काळूरामची नोकरी वाचली. जाताना त्यानं सावळ्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडला.

संध्याकाळी अवधूत म्हणाला, "काका, तुम्हाला काढत नाही मी. बाबा असते तर त्यांनीही काढलं नसतं. पण काठी आता तुमच्याकडे नको. तुम्ही हवा भरायला बसा."

सावळ्यानं काठी पुसली, दोनदा पुसली, आणि टेबलावर ठेवली. त्याला राग आला नाही. घरच्या चुलीवरचा भात चालू राहणार होता, त्याबद्दल तो मनापासून अवधूतचा आभारी होता. पण चाकात हवा भरायला मापाचा हात लागत नाही. त्याच्या आयुष्यात पुरलेलं ते एकच वाक्य त्यानं टेबलावर ठेवलं होतं.

काठी आता अवधूत स्वतः धरू लागला. पांढऱ्या शर्टावर पहिल्याच दिवशी पट्टा उमटला. कंबर धरली. दोन मापं जुळत नसत, मग तिसरं, मग चौथं. सावळ्या हवेच्या मशीनपाशी बसून ती तिरपी जाणारी काठी बघायचा आणि मान फिरवायचा.

सुमतीबाईंना हे कळलं तेव्हा डबा तसाच हातात धरून त्या हवेच्या मशीनकडे आल्या. "सावळ्या, माझ्यामुळे झालं रे हे."

"न्हाय बाई. तुमी सांगला ता खराच हुता. तुमी सांगला म्हून तं मला कलला, कुनाचा खातो आपून. चुकलो मी."

"मग बोलत जा ना माप घेताना! मी सांगते अवधूतला."

सावळ्यानं मान हलवली. "मला न्हाय ठरवता येनार ता. आत्याला इचारावा लागंल."

रविवारी तो दिघाशीला गेला. पाड्यावर रास मोजायचं काम नुकतंच उरकलं होतं. गोदूबाई खळ्याच्या कडेला सूप घेऊन बसली होती. सावळ्यानं घडलं ते सगळं सांगितलं, चिंचोक्यांसकट. खिशातला अर्धा काढून तिच्या हातावर ठेवला. म्हातारीनं तो उलटसुलट करून पाहिला.

"यवराच आपला?"

"यवरा पन न्हाय."

"मंग काय झाला. आर्धा तं आर्धा, हाय ना." तिनं चिंचोका परत त्याच्या हातावर ठेवला. "आनि तू मुका का ऱ्हायलास?"

"तू ऱ्हातेस म्हून."

"मी का ऱ्हाते?"

रीत म्हणजे रीत, तिचं कारण कोण विचारतो!

"आरं बाबा," गोदूबाई म्हणाली, "मदी कुनी बोलला तं मोजनारा इसरतो, कुनाच्या तरी पाटीत कमी जातो. कुनाचा कमी जाऊ नये म्हून मुका ऱ्हायाचा. तुज्या मुक्यानं दुसऱ्याचा नुस्कान व्हतो, तं ता कसला मान? पयल्या मापाला लाभ म्हन. मंग लागंल ता बोल." आणि ती पुन्हा पाखडायला लागली. तिच्या लेखी विषय दोन वाक्यांचा होता. पोरगा उगाच दिघाशीपर्यंत आला होता.

सोमवारी सकाळी सावळ्या पंपावर आला तेव्हा टँकर उभा होता. टाकी धुऊन, सुकवून पुन्हा भरायची होती. या वेळी पेट्रोल. भरायच्या तोंडांवर आता हातभर मोठी अक्षरं आणि ताजा रंग. नेहमीचा ड्रायव्हर अजून रजेवरच, म्हणून खाली काळूराम होता, नळी खांद्यावर, आणि त्याच्यासमोर पांढऱ्या शर्टातला अवधूत काठी घेऊन.

"अरे, रंग लावलाय, नाव लिहिलंय," अवधूत म्हणत होता. "मी मालक सांगतोय, हे पेट्रोलचं तोंड. लाव नळी."

"लावतो ना शेठ. काका सांगू द्या."

"काका आता काठी धरत नाहीत."

"मंग नाय लावत," काळूराम म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "शेठ, तुमचं वाचून मी शंभर टक्के बरोबर लावीन. पण त्या दिवशी मी खरं बोलत होतो आणि ते फक्त त्या माणसानं सांगितलं, स्वतःची काठी घालवून. कुठल्या तोंडात काय ओतायचं ते मी त्यालाच विचारणार. तिसऱ्यांदा विचारतोय, एवढंच."

मागे गाड्यांची रांग लागत होती. कुणीतरी हॉर्न दिला. ऑफिसच्या दारात सुमतीबाई उभ्या होत्या. आज त्या डब्याच्या वेळेआधीच आल्या होत्या, आणि लेकाला काहीही सांगत नव्हत्या.

अवधूतनं सावळ्याकडे पाहिलं. "काका, बोलाल?"

"इचारून आलो आत्याला," सावळ्या म्हणाला. "बोलनार."

अवधूतनं काठी त्याच्या हातात दिली आणि स्वतः वही घेतली. सावळ्यानं झाकणाला हात लावून कपाळाला लावला. सतरा चिंचोक्यांचा तो लांबचा धनी, वाळूतली माणसं, बोटींवरची माणसं, कधी न पाहिलेली, त्यांचं भलं होवो असं तो मनात म्हणाला. मग काठी सरळ सोडली, तळ लागला, आणि या वेळी त्यानं ओठ मिटले नाहीत.

"लाभ!" तो भिवंडीतल्या माणसासारखा ओरडला. "टाकी रिकामी, पानी न्हाय. काळूराम, पेट्रोलचा तोंड तुज्या डाव्या हाताला. लाव."

"डाव्या हाताचं, काका?"

"व्हय रं. डाव्या हाताचा."

काळूरामनं नळी लावली.